धणे म्हणजे बी नव्हेच!

आमच्या घरात धण्यांना दोन नावे. मी धणे म्हणते, माझ्या कन्नड सासूबाई, म्हणजे अत्ती, 'कोत्तंबरी बीज' म्हणतात. शास्त्राने मात्र ते बीज नव्हे. धणा हे कोथिंबिरीचे वाळलेले अख्खे फळ!

हे मला कुंडीने शिकवले. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी डब्यातले धणे तसेच मातीत टाकले. पंधरा-वीस दिवस पाणी घातले, तरी उगवण तुरळकच. पुढच्या वेळी अत्तींनी धणे फरशीवर पसरून चपलेने हलके रगडले. एकेका धण्याचे दोन भाग झाले. प्रत्येक भागात एक बी असते. फोडून पेरले की पाणी आत लवकर पोचते आणि दोन रोपे एकाच जागी दाटत नाहीत. जोर मात्र लावू नका, आतले बी चिरडते.

जिरे, ओवा, बडीशेप, शेपा ही सारी त्याच कुळातली. छत्रीसारखा फुलोरा आणि दोन भागांचे कोरडे फळ. जिऱ्यावर उभ्या शिरा दिसतात आणि सालीत तेलाच्या बारीक नळ्या असतात. वास येतो तो तिथून.

मैत्रिणींनो, ही ओळख परवा कामी आली. स्वस्त मिळाले म्हणून मी सुटे जिरे आणले. अत्तींना मोतीबिंदू, नीट दिसत नाही. निवडताना त्यांनी चिमूटभर तळहातावर चोळले, हुंगले आणि म्हणाल्या, "इदु जीरगी अल्ल!" हे जिरे नव्हे. तळहात काळा झाला होता.

लेकीच्या शाळेचे भिंग घेऊन बसले. काही दाणे खरे होते, नखाने दोन भाग होणारे. बाकीच्यांना ना शिरा, ना वास, ना मधली सांध. ते कोळशाच्या भुकटीने रंगवलेले गवताचे दाणे होते! गवताचा दाणाही फळच, पण ज्वारीसारखे. त्याची साल बियाला चिकटलेली, त्यामुळे ते दुभंगत नाही. 2019 मध्ये दिल्लीच्या बवाना भागात तर गवत, गुळाचे पाणी आणि दगडाची पूड यांपासून जिरे बनवणारा कारखानाच पकडला होता.

दुकानदाराने पैसे परत दिले. "माल वरूनच असा येतो," एवढेच म्हणाला. तेव्हापासून भिंग मसाल्याच्या डब्याशेजारी असते. पण नवी पुडी आली की पहिली चिमूट अत्तींच्या हातावर.