उरलेल्या भाताची पिशवी कोणाच्या हाती?

सकाळी घंटागाडीचा आवाज आला की गल्लीत एकच धावपळ उडते. रात्रीचा भात, भाजीची देठे, फुटलेली बांगडी, गोळ्यांची रिकामी पाकिटे असे सगळे एकाच पिशवीत कोंबायचे, वर गाठ मारायची आणि पिशवी गाडीत टाकायची. गाडी पुढच्या गल्लीत गेली की आपल्यापुरता कचरा संपला. पण ती गाठ पुढे कोणाला तरी हाताने सोडावी लागते, याचा विचार आपण करतो का?

माझी मावशी झाडूकामाला होती. एका सकाळी अशीच गाठ सोडताना आंबलेल्या भातात दडलेले दाढीचे पाते तिच्या अंगठ्यात घुसले. जखम चिघळली. पंधरा दिवस हात गळ्यात बांधून ती घरी बसली आणि तेवढ्या दिवसांची मजुरी बुडाली. ती म्हणायची, "पातं नुसत्या कागदात असतं तर दिसलं असतं गं. भातात कसं दिसावं?"

हे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या वाट्याला आले, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. आजही गाडीवर, डेपोवर, भंगार वेचायला जाणाऱ्यांत आपलीच माणसे आहेत. म्हणून स्वयंपाकघरातील ओला कचरा वेगळा ठेवणे आणि जमेल तेवढा घरीच जिरवणे, ही केवळ टापटिपीची गोष्ट नाही.

आधी वाया जाऊ देऊ नका

चार-पाच माणसांच्या घरात रोज साधारण अर्धा ते एक किलो ओला कचरा निघतो. त्यातले शिजलेले अन्न कमी करणे आपल्या हाती आहे. सोलापूरच्या बाईला हे शिकवावे लागत नाही. ज्वारीची पातळ कडक भाकरी करून ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. उरलेली साधी भाकरी कुस्करून, कांदा-मिरचीची फोडणी दिली की मुलांची न्याहारी होते.

मात्र भाताचे तसे नाही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. रात्रभर बाहेर राहिलेला भात सकाळी मुलांना देऊ नका. त्यात वाढलेल्या जंतूंचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून रात्रीचा भात मोजूनच लावावा.

शिळे दुसऱ्याला देऊ नका

"टाकण्यापेक्षा झाडूवालीला दिले तर काय बिघडले?" असे काही भगिनी म्हणतात. येथे थोडे थांबले पाहिजे. घरोघरची शिळी भाकरी गोळा करून आणण्याची वेळ आपल्या आजी-पणजीवर होती. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे तुकडे सोडा, असे सांगितले. लोकांनी ते ऐकले आणि पोटाला चिमटा घेऊन ते सोडले. आज त्याच घरातली सून दुसऱ्या बाईच्या हाती विटलेली आमटी ठेवणार असेल, तर आपण काय शिकलो? द्यायचेच असेल तर ताजे, आपण खातो तेच, ताटात वाढून द्यावे.

शेळी-कोंबडी असेल तर

पुष्कळ वस्त्यांत अजून शेळ्या आहेत. मटार-शेंगांची टरफले, कोथिंबिरीची देठे, फळांच्या साली त्या आवडीने खातात. परंतु शिजलेला भात किंवा पीठ भरपूर घातले तर शेळीचे पोट फुगते, कधी ती दगावतेही. बुरशी आलेले काहीही घालू नये. आणि पिशवीसकट तर मुळीच टाकू नये. गाई-म्हशी प्लॅस्टिक गिळतात ते याच पिशव्यांमुळे.

दोन खोल्यांच्या घरात माठातले खत

अंगण नाही, म्हणून खत करता येत नाही, हा गैरसमज आहे. पाझरणारा, टवका उडालेला माठ भंगारात न देता ठेवा. असे दोन-तीन माठ हवेत. रीत अशी :

माठाच्या तळाला व कडेला बोटाएवढी चार-सहा भोके पाडावीत. खाली विटांचे तुकडे, त्यावर नारळाच्या शेंड्या आणि चार बोटे जाडीचा वाळल्या पाल्याचा थर द्यावा. मग रोजची साले, देठे, धुतलेली चहापूड, अंड्याची टरफले चुरून टाकावीत. एक वाटी ओला कचरा टाकला की वर दीड-दोन वाट्या वाळका पाला टाकायचाच. खरी मेख येथेच आहे. पाला कमी पडला की आत हवा राहत नाही आणि घाण वास सुटतो. सुरुवातीला मूठभर वाळलेले शेण किंवा वाटीभर आंबट ताक घातले तर काम लवकर सुरू होते. तीन-चार दिवसांनी काठीने खाली-वर करावे. तोंडावर झाकण आणि त्यावर दगड ठेवावा, म्हणजे उंदीर येत नाहीत. मटण-मासळी, हाडे आणि तेलकट रस्सा माठात घालू नये.

पाला कोठून आणायचा? शाळेच्या आवारात, रस्त्याकडेच्या लिंबाखाली पोतेभर पाला पडलेला असतो आणि लोक तो जाळून धूर करतात. विड्या वळणाऱ्या घरात तर पानांची कात्रणे रोजच निघतात. ती बारीक करून टाकली तर सावकाश कुजतात. मात्र तंबाखूची भुकटी त्यात येऊ देऊ नका; ती किड्यांना मारते आणि कुजण्याचे काम तर बारीक जीवच करीत असतात.

माठ भरला की वर पाला-मातीचा थर देऊन बाजूला ठेवावा व दुसरा सुरू करावा. दोन-तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत खत तयार होते. त्याला पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास येतो. जुन्या डब्यात मिरची, कढीपत्ता, गवती चहा लावायला ते पुरते.

सोलापूरच्या उन्हात घ्यायची काळजी

आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येते. त्यातले चांगले पाणी खताला घालायचे कारण नाही. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी शिंपडले तरी भागते. माठ मोरीच्या भिंतीला, सावलीत ठेवावा. ओल ओळखायची खूण सोपी आहे. मूठभर घेऊन दाबावे. थेंब गळले तर पाणी जास्त झाले, मूठ उघडताच भुगा झाला तर कमी पडले. मुंग्या झाल्या तर ते कोरडे पडले असे समजावे. पांढऱ्या अळ्या झाल्या तर घाबरू नये. वाळका पाला व थोडी राख टाकून हलवावे.

गांडूळखताची जाहिरात खूप होते. ते उत्तमच, पण पस्तीस अंशांच्या वरचा उन्हाळा गांडुळांना सोसत नाही. पत्र्याच्या घरात हा खर्च करण्याआधी माठ करून पाहा.

जागा असेल, लोक एकत्र येतील तर

मोकळी जागा असेल तर दोन-अडीच फूट खोल दोन खड्डे करावेत. एक भरेपर्यंत दुसऱ्यातले खत तयार होते. विहीर, बोअर किंवा पाण्याची टाकी जवळ नसावी.

वसतिगृह, खानावळ किंवा जेथे रोज मोठा स्वयंपाक होतो तेथे गॅसचा विचार करता येतो. पुण्याच्या 'आरती' या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी प्लॅस्टिकच्या पाण्याच्या टाक्या कापून, एकीत दुसरी उपडी बसवून, खरकट्यावर चालणारे लहान गॅस-संयंत्र तयार केले. शेणाऐवजी भात, पीठ, फळे अशा अन्नातून त्यात स्वयंपाकाचा गॅस मिळतो. २००६ साली त्याला लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. एकट्या घराला टाक्यांचा खर्च जड जातो, पण चार घरे मिळून किंवा एखाद्या मंडळाला तो झेपेल.

यातले काहीच जमले नाही तर

तरीही एक गोष्ट प्रत्येक घराला जमते. दोन डबे ठेवावेत, एक ओल्याचा, एक सुक्याचा. ओल्या डब्याच्या तळाला जुने वर्तमानपत्र घालावे, पाणी निथळून कचरा टाकावा, आणि गाडीत पिशवीसकट न टाकता डबा उलटा करावा. पाते, काच, सुई जाड कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळी हातात द्यावी. मुलींच्या पॅडचेही तसेच करावे. देशाच्या २०१६ च्या नियमांनी ओला, सुका व घरातला घातक कचरा असे तीन भाग करायला सांगितले होते. आपल्या शहरात तुळजापूर रस्त्यावर ओल्या कचऱ्यापासून गॅस व वीज करण्याचा प्रकल्प उभारला गेला. परंतु ओल्यात प्लॅस्टिक आणि काच मिसळलेली असेल, तर कोणतेही यंत्र असो, आधी माणसाचा हात त्यात घालावा लागतो.

पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांनी 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना केली. त्यात बहुसंख्य दलित स्त्रिया. कचरा आम्हाला वेगळा करून द्या, ही त्यांची मोठी मागणी होती. वेगळ्या कचऱ्यातला कागद, पत्रा कोरडा राहतो, त्याला भाव येतो आणि हात कापत नाही. दोन डब्यांचा फायदा त्या बायांनी आपल्याआधी ओळखला होता.

शेवटी घरातील पुरुषांसाठी दोन शब्द. डबा नेऊन देणे, पाला आणणे, माठ हलवणे हे बाईचेच काम, असे कोणी ठरवले? गाडगेबाबांनी खराटा स्वतःच्या हातात धरला होता. मुलांनाही सुटीच्या दिवशी पाल्याचे पोते आणायला न्यावे.

आज रात्री जेवणे झाली की दुसरा डबा काढून ठेवा. रंगाचा रिकामा डबाही चालेल. आणि दाढीचे पाते कोठे टाकले जाते, ते घरात एकदा विचारून घ्या.