अवकाशातील यंत्रबाहू व तरंगत्या वस्तूंची पकड : नियंत्रणाचा प्रश्न

प्रस्तावना :
१९५७ मध्ये पहिला कृत्रिम उपग्रह अवकाशात गेला. तेव्हापासून निकामी उपग्रह, अग्निबाणांचे रिकामे टप्पे व त्यांचे तुकडे पृथ्वीभोवती साचत गेले. पृथ्वीलगतच्या कक्षेत त्यांचा वेग सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर असतो. त्यामुळे लहानसा तुकडाही कार्यरत उपग्रह निकामी करू शकतो. अशा वस्तू पकडण्यासाठी यानावर बसविलेला यंत्रबाहू हा एक उपाय होय. मात्र हे कार्य बाहूच्या ताकदीपेक्षा त्याच्या नियंत्रणावर अधिक अवलंबून असते. त्याची कारणे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आधाराचा अभाव :
कारखान्यातील यंत्रबाहू जमिनीवर पक्का बसविलेला असतो. अवकाशयानाला असा आधार नसतो. तापीच्या पात्रात नावेत उभा असलेला मनुष्य पुढे चालू लागला की नाव मागे सरते, हा अनुभव खानदेशात परिचयाचा आहे. येथेही तेच घडते. संवेग अक्षय्यतेच्या सिद्धांतानुसार बाहू हलला की यान उलट दिशेने सरकते व वळते. बाहूचे वस्तुमान नगण्य मानल्यास, ४०० किलोग्रॅमच्या यानाने १०० किलोग्रॅमची वस्तू ५ मीटर जवळ ओढली, तर वस्तू ४ मीटर व यान १ मीटर सरकते. शिवाय सांधे मूळ स्थितीत परत आणले तरी यानाची दिशा मूळ राहीलच असे नाही. बाहू कोणत्या मार्गाने फिरला यावर ती ठरते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, फिरत्या चाकांच्या किंवा थ्रस्टरच्या साहाय्याने यान स्थिर ठेवणे. दुसरा, यान मोकळे सोडून त्याची हालचाल गणितातच समाविष्ट करणे. जपानमधील उमेतानी व योशिदा यांनी १९८० च्या दशकात दुसऱ्या उपायाची गणिती मांडणी केली. त्यात इंधनाची बचत होते.

स्पर्शाचा क्षण :
मे १९९२ मध्ये 'एंडेव्हर' यानातील अंतराळवीर पियरे थुओ बाहूच्या टोकावर उभे राहून सुमारे चार टनांच्या 'इंटेलसॅट-६' उपग्रहाला पकडदांडा लावू पाहत होते. दांडा अडकण्यापूर्वीच स्पर्शाच्या धक्क्याने उपग्रह डोलू लागे. अखेर तीन अंतराळवीरांनी तो एकाच वेळी हातांनी धरला. यावरून पकडीचे टप्पे समजतात. कॅमेऱ्याने वस्तूची गती मोजून तिची पुढील जागा वर्तविणे, बाहूचे टोक त्याच गतीने नेणे, स्पर्शावेळी सांधे ताठ न ठेवणे आणि नंतर वस्तूचे फिरणे सावकाश शमविणे, असा हा क्रम आहे. वस्तूचा कोनीय संवेग नष्ट होत नाही. तो यानाच्या चाकांना किंवा थ्रस्टरला पेलावा लागतो.

भारतीय प्रयत्न :
१९९७ मध्ये सोडलेल्या जपानच्या 'ईटीएस-७' ने स्वतःपासून विलग केलेला उपग्रह बाहूने पकडून दाखविला. भारतात ३० डिसेंबर २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी६० चे उड्डाण झाले. त्याच्या चौथ्या टप्प्याचा 'पोएम-४' हा प्रयोगमंच करण्यात आला. त्यावर विक्रम साराभाई अवकाश केंद्राचा कचरा पकडणारा बाहू होता. धाग्याने बांधलेली वस्तू, कॅमेऱ्याच्या आधारे तिच्या गतीचा अंदाज घेऊन पकडणे, हे त्याचे उद्दिष्ट होते. सोबत सात सांध्यांचा 'चालणारा' बाहूही होता. कार्य संपल्यावर ४ एप्रिल २०२५ रोजी हा मंच वातावरणात परत आणण्यात आला. तो स्वतः कचरा होऊन राहिला नाही, हेही महत्त्वाचे.

समारोप :
बांधलेली वस्तू पकडणे व मोकाट फिरणारा तुकडा पकडणे यांत मोठे अंतर आहे. त्या तुकड्याला मूठ नसते, त्याचे वस्तुमान ठाऊक नसते व तो संदेशाला उत्तर देत नाही. हे अंतर कापणे हेच पुढील संशोधनाचे कार्य आहे. त्यामागील तत्त्व मात्र जळगाव-धुळ्याच्या कोणत्याही महाविद्यालयात पडताळता येते. फिरत्या खुर्चीवर पाय उचलून बसावे व पसरलेला हात झटकन एका बाजूस न्यावा; खुर्ची उलट दिशेने वळते.