जागच्या जागी धावणारे चाक

व्यायामाची सायकल म्हणजे पावसाळ्यात बाहेर पडता येत नाही म्हणून केलेली सोय, असे आपण धरून चालतो. तिचा इतिहास वेगळे सांगतो. कोपनहेगनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी 1913 मध्ये अशी सायकल रचली ती स्नायूंचे कष्ट मोजण्यासाठी. पुढे 1954 मध्ये स्वीडनच्या फॉन डोबेलन यांनी तिला साधा यांत्रिक ब्रेक दिला: जड चाकाभोवती पट्टा आणि त्याचा ताण दाखवणारा लंबक. त्या धाटणीच्या मोनार्क सायकलीत पायडलच्या एका फेऱ्याला चाकाची कड 6 मीटर सरकते. पट्ट्यावर 1 किलो वजनाएवढा ताण ठेवून मिनिटाला 50 फेरे मारले की काम भरते जवळजवळ 50 वॉट. वारा नाही, चढ नाही, खड्डे नाहीत. सायकल जागची हलत नाही म्हणूनच कष्टाचे माप घेता येते आणि औषधासारखी व्यायामाची मात्रा ठरवता येते. माझ्या मते तिचे खरे मोल हेच.

गुडघा बदलल्यावर हे मोल डोळ्यांना दिसते. पायडलचा पूर्ण फेरा मारायला गुडघा साधारण 105 ते 110 अंश वाकावा लागतो, आणि सुरुवातीला तो तेवढा वाकत नाही. मग फिजिओथेरपिस्ट सीट उंच करतात आणि रुग्ण पाळणा झुलवावा तसे पायडल नुसते पुढे-मागे हलवतो. दुखणे चुकवण्यासाठी त्या बाजूची कंबर नकळत उचलली जाते. तिच्यावर लक्ष ठेवावे लागते. पहिला पूर्ण फेरा अनेकदा उलट्या दिशेने जमतो. पुढे सीट एकेक खाच खाली येते, आणि गुडघा किती सुधारला ते सीटच्या दांड्यावरच वाचता येते.

चालायला पैसे पडत नाहीत, मग यंत्र कशाला, असे विचारले जाते. पण चालताना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीनपट भार येतो. बेताच्या जोराने सायकल मारताना तो सव्वापटीच्या आसपास राहतो. सुजलेल्या सांध्याला हा फरक फार मोठा आहे. दुसरा आक्षेप मात्र मान्यच करायला हवा: वजन सीटवर टेकलेले असल्याने हाडांना हवा तो भार मिळत नाही आणि तोल सांभाळण्याचा सरावही होत नाही. स्कायलॅब या अंतराळस्थानकात 1973 मध्ये सायकल होती, तरी अंतराळवीरांच्या पायांची ताकद घटली. तिसऱ्या तुकडीला म्हणून टेफ्लॉनचा गुळगुळीत पत्रा दिला. रबरी दोरांनी अंग खाली ओढून धरत ते त्यावर चालत. शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामात सायकलच्या जोडीला खुर्चीतून उठणे-बसणे आणि पायरी चढणे असते, ते याच कारणाने.