साष्टी कोणाची?

मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकलेला ठाण्याचा किल्ला मुंबईकर इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये हल्ला करून घेतला आणि त्याबरोबर साष्टी, म्हणजे ठाणे ते वांद्रे पसरलेले मुंबईलगतचे बेट, त्यांच्या हाती पडली. पेशवाईच्या वारसाहक्काच्या भांडणात एकाकी पडलेल्या रघुनाथरावाने १७७५ च्या सुरतेच्या तहात साष्टी-वसईवर पाणी सोडले; मात्र १७७३ च्या नियामक कायद्याने, म्हणजे युद्ध व तहाबाबत मुंबईवर कलकत्त्याचा अंकुश ठेवणाऱ्या ब्रिटिश कायद्याने, बळ मिळालेल्या कलकत्ता कौन्सिलने तो तह अमान्य करून १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला, आणि नियमाचा एवढा आव आणूनही साष्टी काही सोडली नाही. पुढे युद्ध पुन्हा पेटून १७८० मध्ये कल्याण आणि वसईही इंग्रजांनी घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई मराठ्यांना परत मिळाली, साष्टी इंग्रजांकडेच राहिली. ठाण्याच्या त्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे.