लायसन्स खिशात, आणि गाडी चालवता येते का?

आपल्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये एक प्रश्न विचारून पाहा : “लायसन्स कसं काढलंस?” दहापैकी सात-आठ जण आधी हसतील. मग कोणी ‘आठ’ काढल्याचं सांगेल, कोणी एजंटाचं नाव सांगेल. वरणगावच्या पोरांना तर जळगावचं आरटीओ ऑफिस गाठायचं म्हणजे सगळा दिवस जातो. म्हणून “भाऊ, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, पण काम एका फेरीत करा” हे वाक्य आपल्याकडे फार सहज निघतं. या एका वाक्याची किंमत किती, हे कोणी मोजलंय का? मोजलंय!

ऑक्टोबर २००४ ते एप्रिल २००५ या काळात दिल्लीत एक प्रयोग झाला. बर्ट्रांड, जॅन्कोव्ह, हॅना आणि मुल्लैनाथन या चार अर्थतज्ज्ञांनी लायसन्स काढायला आलेल्या ८२२ जणांचे तीन गट केले. पहिल्या गटाला सांगितलं, लायसन्स लवकर आणा, २००० रुपये बक्षीस. दुसऱ्याला फुकट ड्रायव्हिंग शिकवलं. तिसऱ्याला काहीच नाही. लायसन्स मिळाल्यावर सगळ्यांची अचानक वेगळी परीक्षा घेतली. निकाल २००७ साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये छापून आला. लायसन्स मिळालेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी गाडी चालवण्याची सरकारी चाचणी दिलेलीच नव्हती, आणि ६२ टक्के लोक त्या अचानक घेतलेल्या परीक्षेत नापास झाले! सरकारी फी होती सुमारे ४५० रुपये, माणसी खर्च झाला सुमारे ११२०. वरचे पैसे बहुतेक एजंटांकडे गेले. मला यातली सर्वांत वाईट गोष्ट वेगळीच वाटते. चाचणी देणाऱ्याला गाडी येते की नाही याच्याशी पास-नापासाचा फारसा संबंधच नव्हता. म्हणजे जो शिकून, सरळ मार्गाने गेला, त्यालाही नापास होण्याची भीती होतीच. मग पुढच्या वेळी तो एजंटाकडे जाणारच ना!

आता सरकारी आकडे बघू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी देशभरच्या अपघातांचा अहवाल काढतं. २०२२ च्या अहवालात ४,६१,३१२ अपघात आणि १,६८,४९१ मृत्यू आहेत. मृतांत दुचाकीवाले ४४.५ टक्के, आणि ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर. याच अहवालात ड्रायव्हरकडे लायसन्स होतं का, याचाही तक्ता असतो आणि त्यात ‘वैध लायसन्स’वाल्यांचा वाटा सर्वांत मोठा असतो. यावरून “लायसन्सचा काही उपयोग नाही” असं म्हणणारे भेटतात. पण थांबा. रस्त्यावरचे बहुतेक ड्रायव्हर लायसन्सवालेच असतील, तर अपघातातही तेच जास्त दिसणार. भागिले काय करायचं हे माहीत नसताना नुसत्या टक्केवारीवर निष्कर्ष काढायचा नाही, हे आपल्याला पहिल्या वर्षालाच शिकवतात. शिवाय पोलिसांच्या कागदावर खिशातलं कार्ड नोंदवलं जातं, कौशल्य नाही. दिल्लीच्या प्रयोगाने दाखवलं की या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

गंमत म्हणजे नियम काही वाईट नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १५ वा नियम वाचा. चालकाला सुरक्षित ओव्हरटेक करता आलं पाहिजे, दुसऱ्याला पुढे जाऊ देता आलं पाहिजे, आणीबाणीत गाडी थांबवता आली पाहिजे, चढावर गाडी चालवता आली पाहिजे. सगळं लिहिलंय! पण मोकळ्या मैदानात ‘आठ’ काढताना ओव्हरटेक कोणाला करणार?

आपल्या विषयातलं थोडं गणित करू. इंडियन रोड्स काँग्रेस रस्त्याचं डिझाइन करताना चालकाला धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत अडीच सेकंद धरते. त्यात ब्रेक लागल्यावरचं अंतर, म्हणजे वेगाचा वर्ग भागिले २ गुणिले जी गुणिले घर्षणांक, हे मिळवा. ताशी ६० किमीला गाडी थांबायला साधारण ८० मीटर लागतात. ताशी १०० ला १८० मीटर! वेग पावणेदोन पटही झाला नाही, अंतर मात्र सव्वादोन पट. वरणगावजवळून जाणारा जुना सहा नंबरचा हायवे, आताचा ५३, दुपदरी होता तेव्हा समोरून येणाऱ्या ट्रकचं अंतर डोळ्यांनी मोजूनच पुढे जावं लागायचं. चौपदरी झाल्यावर तो प्रश्न कमी झाला, पण वेग वाढला, आणि दुभाजकाच्या कटमधून उलट्या बाजूने येणारे दुचाकीवाले ही नवीन भर. यातलं काहीच ‘आठ’मध्ये तपासलं जात नाही.

अजून एक भोक कायद्यातच आहे. १६ वर्षांच्या मुलाला कायद्याने फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालवता येते. लूनाच्या जमान्यात ते ठीक होतं. आज शोरूममध्ये मिळणारी पेट्रोल स्कूटर शंभर सीसीच्या वरची. म्हणजे भुसावळला अकरावी-बारावीच्या क्लासला तिच्यावरून जाणाऱ्या पोराला त्या गाडीचं लायसन्स मिळूच शकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुलगा सापडला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. शिक्षा वाढली, पण त्याला चालवता येईल अशी गाडी मात्र बाजारात जवळजवळ नाही. एसटीच्या वेळा क्लासच्या वेळेशी जुळवणं हा मला जास्त स्वस्त उपाय वाटतो.

उपायांपैकी दोन सांगण्यासारखे. पुण्यात भोसरीच्या ट्रॅकवर सेन्सर आणि कॅमेऱ्यांनी चारचाकीची चाचणी घेतली जाऊ लागली. रेषेला चाक लागलं की मशीन नोंद घेतं, तिथे ओळख चालत नाही. दुसरा, जुलै २०२१ पासूनचा मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचा नियम. तिथे शिकून पास झालेल्याला आरटीओची चाचणी माफ. पहिला मला पटतो. दुसऱ्याबद्दल शंका आहे, कारण शिकवणारा आणि पास करणारा एकच, आणि फी घेणाराही तोच.