उलटा आला, पण कोणत्या कडेने?

या आठवड्यात विमा कंपनीचा सर्व्हेअर घ्यायचं कबूल केलं होतं. तो पुढे ढकलतो. मधे बार्शीकडच्या एका वाचक ताईंचं चार पानी पत्र आलं आणि त्यात असा एक प्रश्न आहे, की त्यावर एक अख्खा लेखांक खर्ची घालायला माझी अजिबात ना नाही.

त्यांचा धाकटा भाऊ रात्री मोटारसायकलवरून घरी येत होता. चौपदरी रस्ता, मधे दुभाजक, हा आपल्या बाजूने. समोरून राँग साइडने पिकअप आला आणि धडक झाली. भाऊ वाचला, पण पाय अधू झाला. दावा दाखल आहे. विमा कंपनीने कैफियतीत म्हटलंय की धडक समोरासमोरची, म्हणजे चूक दोघांची, सबब निम्मी भरपाई कापावी. ताई विचारतात, ‘आमचा माणूस बरोबर बाजूने चालला होता, मग ही निम्मी चूक आली कुठून?’

उत्तर देतो. पण त्याआधी माझाच एक प्रश्न आहे. पिकअप कोणत्या कडेने येत होता, दुभाजकाला लागून की साइडपट्टीवरून? पत्रात ते नाही. फिर्यादीची नक्कल सोबत जोडलीय, त्यातही ‘विरुद्ध दिशेने भरधाव व निष्काळजीपणे’ एवढंच. ही पाच शब्दांची माळ मी इतक्या फिर्यादींत वाचलीय, की पोलीस ठाण्यात तिचा शिक्काच करून ठेवला असावा.

उलट्या दिशेने येणारे दोन जातीचे असतात. पहिला वाट चुकलेला. रॅम्प चुकतो, प्यायलेला असतो, नाहीतर वय झालेलं असतं आणि अंधारात काही उमजत नाही. याला आपण चुकतोय हेच ठाऊक नसतं, म्हणून तो आयुष्यभराच्या सवयीने स्वतःच्या डावीकडून चालतो. त्याची डावी म्हणजे तुमची उजवी. तो दुभाजकाला घासून, तुमच्या ओव्हरटेकच्या लेनमधून येतो, तोही पूर्ण वेगात.

दुसरा जाणूनबुजून येणारा, आणि आपल्याकडे बहुतेक करून हाच भेटतो. पेट्रोल पंपातून किंवा ढाब्यावरून निघाला, गाव मागे राहिलं, दुभाजकातला कट दोन किलोमीटर पुढे. चार किलोमीटरचा फेरा वाचवायला तो साइडपट्टी धरून उलटा येतो. आपण चुकीच्या बाजूला आहोत हे त्याला पक्कं माहीत असतं, म्हणून तो कडेला चिकटलेला असतो, म्हणजे तुमच्या डाव्या हाताला. गळीत हंगामात कारखान्याच्या फाट्याच्या अलीकडे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत असाच ट्रॅक्टर येतो. त्याचा एकच दिवा चालू असतो, तोही नेमका कोणत्या बाजूचा हे जवळ आल्याशिवाय कळत नाही.

आता गंमत बघा. अमेरिकेत वाहनचालकांना सांगतात की रात्री ओव्हरटेकची लेन टाळा, बाहेरच्या लेनने चला. तिथे ते बरोबर आहे, कारण तिथला उलटा येणारा बहुधा पहिल्या जातीचा असतो. आपल्याकडच्या हौशी मंडळींनी हा सल्ला डाव्या-उजव्याची अदलाबदल करून जसाच्या तसा उचलला आणि ‘रात्री अगदी डाव्या कडेने चला’ म्हणून मोबाइलवर फिरवला. समृद्धी महामार्गावर तो चालेल. पण पुणे-सोलापूर रस्त्यावर गाव, पंप, ढाबा आला की अगदी डावी कड हीच दुसऱ्या जातीची वाट. तिथे डाव्या लेनच्या मधोमध चला आणि साइडपट्टी मोकळी सोडा. दुचाकीवाल्यांना तर हे दोनदा सांगायला हवं, कारण ‘कडेने जा’ हेच त्यांना घरचे, पोलीस आणि मागचा ट्रकवाला सगळेच सांगत असतात.

समोर दिसलाच तर? तुम्ही ताशी ८०, तो ६०. दोघं मिळून सेकंदाला ३९ मीटर अंतर खातात. दोनशे मीटरवर दिसला तर हातात पाच सेकंद आहेत आणि त्यातला एखादा सेकंद ‘हा उलटा येतोय’ हे पटण्यातच जातो. कडेने येणारा घाबरला की सवयीने त्याच्या डावीकडे हँडल मारतो, आणि त्याची डावी म्हणजे थेट तुमची लेन. म्हणून तो कडेला असेल तर तुम्ही लेन सोडू नका. स्टिअरिंग सरळ ठेवून ब्रेक, डिपर, हॉर्न, आणि तो शेजारून निघून जाईपर्यंत वेग उतरवत राहायचं. दुभाजकाच्या बाजूने येत असेल तर मात्र लगेच डावीकडे सरका. दोन्ही वेळी उजवीकडे वळवून निसटायचा मोह टाळायचा.

दर काही महिन्यांनी कोणीतरी विचारतं, रस्त्यात खिळे का ठोकत नाहीत? ते टायर किलर, बरोबर बाजूने गेलं तर दबणारे आणि उलट गेलं तर टायर फाडणारे. हा माझा आवडता विषय, म्हणून थोडं थांबतो. २०१८ मध्ये पुण्यात अमनोरा टाउनशिपच्या रस्त्यावर ते बसवले, व्हिडिओ गावभर फिरले, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि वाहतूक पोलिसांनी ते काढायला सांगितले. २०२३ मध्ये अहमदाबादेत बसवले, तर लोक त्यावरून आरामात उलटे गेले. कॅलिफोर्नियाच्या महामार्ग खात्याने तर १९६० च्या दशकातच याचे प्रयोग करून नाद सोडला होता. टायरमधली हवा इतक्या लवकर जात नाही की गाडी तिथेच थांबेल, खिळे मोडून त्यांचे खुंट वर राहतात, आणि बरोबर येणारे चालक खिळे बघून दचकून ब्रेक मारतात. आपल्याकडे त्यात दुचाक्यांची, मातीने जाम होणाऱ्या स्प्रिंगांची आणि नाइलाजाने उलट्या येणाऱ्या रुग्णवाहिकेची भर घाला. माझं मत विचाराल तर तो पैसा पंपासमोर नीट यू टर्न आणि सर्व्हिस रोड करायला घाला. गावाला रस्त्यापलीकडे जायला वाट न ठेवता दुभाजक बांधायचा आणि मग गावकऱ्यांना शिस्त शिकवायची, यात मला तरी काही शहाणपण दिसत नाही.

आता ताईंचा प्रश्न. निम्मी चूक आपोआप येत नाही. १९७७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, वकील मंडळींत ‘पुष्पाबाई’ म्हणून ओळखला जातो. १९६० च्या डिसेंबरात नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली मोटार रस्त्याच्या उजव्या टोकाला जाऊन झाडावर आदळली. धडक अशी, की इंजिन जागचं मागे सरकलं. गाडीतल्या प्रवाशाचा मृत्यू झाला. चूक कशी झाली हे सांगणारा साक्षीदार नव्हता. न्यायालय म्हणालं, गाडी आपली बाजू सोडून तिथे गेली ही परिस्थितीच बोलते आहे, ती तिथे का गेली याचा खुलासा गाडीवाल्याने करावा. पिकअप तुमच्या भावाच्या बाजूला होता एवढं सिद्ध झालं की हेच तत्त्व तुमच्या कामी येतं.

२०१३ चा केरळमधला निकालही सोबत जोडायला सांगा. त्यात खालच्या न्यायालयांनी अपघातानंतर गाड्या कुठे उभ्या होत्या हे पंचनाम्यात पाहून मृतावर चुकीचा काही वाटा टाकला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो काढला. प्रत्यक्ष पुरावा नसताना केवळ गाड्यांच्या जागेवरून योगदायी निष्काळजीपणा ठरवता येत नाही, असं त्यात म्हटलंय. भावाकडे लायसन नव्हतं किंवा गाडीवर तिघं होते, एवढ्यावरूनही भरपाई कापता येत नाही. त्या गोष्टीमुळे धडक झाली हे दाखवावं लागतं आणि ते दाखवायची जबाबदारी कंपनीची. मात्र त्याचा हेडलाइट बंद असेल किंवा तो प्यायलेला असेल, तर कापाकापीला जागा आहे, आणि ते वकिलापासून लपवू नका.

कोणत्या कडेने आला हा माझा हट्ट इथे उपयोगाला येतो. पिकअप साइडपट्टीवरून आला असं निघालं, तर तो जाणूनबुजून उलटा आला हे त्याच्याच वाटेवरून दिसतं. दुभाजकाकडून आला, तर कंपनी ‘भाऊ ओव्हरटेक करत होता’ म्हणणार, त्याची तयारी हवी. आणि ही कड सापडते पंचनाम्यात. काचांवर जाऊ नका. काच उडते, पसरते, मागून येणाऱ्या गाड्यांच्या चाकांनी आणखी पांगते. चिखल बघा. मडगार्डला आतून चिकटलेला वाळका चिखल धडकेच्या हादऱ्याने झडतो आणि जवळपास तिथल्या तिथे खाली पडतो. रस्त्यावर एकाच ठिकाणी मातीच्या खपल्यांचा सडा आणि शेजारी डांबर खरवडल्याची ताजी, खोल खूण असेल, तर धडक तिथे झाली. गाड्या मग कुठेही जाऊन पडोत. ती जागा दुभाजकापासून किती फूट आणि साइडपट्टीच्या पांढऱ्या पट्टीपासून किती फूट, ही दोन मापं पंचनाम्यात नसतील तर मागून कोणी देऊ शकत नाही. जवळचा माणूस घटनास्थळी पोचला असेल तर त्याने आधी जखमीची सोय लावावी आणि मग मोबाइलवर हे फोटो काढावेत. फोटोत दुभाजक आणि पांढरी पट्टी दोन्ही यायला हवेत. पंपाचा सीसीटीव्ही काही दिवसांत आपोआप पुसला जातो, तेव्हा तो जपून ठेवा असं पंपाला आणि पोलिसांना लगोलग लेखी द्या.

दवाखान्याच्या पैशाची घाई असेल तर मे २०२५ पासून कॅशलेस योजना आहे. ठरलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार. दाव्यासाठी कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. ती १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा आलीय. तिला आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. दावा अपघाताच्या ठिकाणी किंवा तुम्ही राहता तिथे, दोन्हीकडे चालतो.

फौजदारी बाजू थोडक्यात. २०१९ च्या दुरुस्तीने वाहतुकीच्या दिशेविरुद्ध गाडी चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक चालवण्यात नाव घेऊन घातलं. मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. आणि जो समजून-उमजून उलटा आला त्याच्यावर कलम १०५ म्हणजे सदोष मनुष्यवधही लागू शकतं. जुलै २०२३ मध्ये दिल्ली-मेरठ एक्स्प्रेस वेवर सीएनजी भरून उलटी निघालेली बस कित्येक किलोमीटर तशीच आली आणि मोटारीतले एकाच कुटुंबातले सहा जण गेले, तेव्हा जुन्या कायद्यातलं हेच कलम लावलं होतं.

पत्राच्या शेवटी ताईंनी भीत भीत विचारलंय, पिकअपच्या केबिनमध्ये शेजारी बसलेल्या गड्याचा हात मोडला, त्याला काही मिळेल का? ज्या गाडीने भावाचा पाय अधू झाला, त्याच गाडीतल्या माणसाची चौकशी त्या करतायत. त्याचा दावा वेगळा आहे आणि तो त्याने जरूर करावा. गाडी तो चालवत नव्हता, त्यामुळे चालकाची चूक त्याच्या माथी येत नाही. तो मजूर म्हणून कामावर होता की लिफ्ट घेऊन बसला होता, यावर विमा लागू होतो की नाही ते ठरेल, म्हणून मालकाच्या पॉलिसीची नक्कल त्याने आधी मिळवावी. चालकाचं गणित मात्र वेगळं. स्वतःच्याच चुकीने तो मेला असता, तर त्याच्या वारसांना त्या चुकीवर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ चा दावा उभा करता आला नसता. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ते पुन्हा एकदा सांगितलंय. अशा घराला पॉलिसीतलं मालक-चालकाचं पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण मिळू शकतं, पण तेही गाडी मालक स्वतः चालवत असेल आणि त्याच्याकडे चालू लायसन असेल तरच.