परदेशस्थ पालकाकडून मुलांची थकीत पोटगी कशी वसूल करता येते?

कुंभकोणम (तामिळनाडू) : वडील परदेशात नोकरीला, आई मुलांसह गावी आणि न्यायालयाने ठरवून दिलेली पोटगी महिनोन्‌महिने थकलेली. अशा वेळी आदेश हाती असूनही पैसे पदरात पडत नाहीत. भारतीय न्यायालयाचा पोटगीचा आदेश देशाच्या सीमेपलीकडे आपोआप लागू होत नाही, हे त्यामागचे मुख्य कारण आहे. मात्र त्यामुळे मुलाचा हक्क संपत नाही. मुदतीत केलेला अर्ज, वडिलांच्या भारतातील मालमत्तेची माहिती आणि ते राहतात त्या देशातील कायदेशीर मार्ग, या तीन गोष्टींवर वसुली अवलंबून असते.

अर्ज राहत्या ठिकाणीच

तंजावर जिल्ह्यातील कावेरीकाठच्या कुंभकोणम परिसरातून आखाती देश, सिंगापूर आणि मलेशियात कामासाठी जाण्याची परंपरा जुनी आहे. येथे राहणाऱ्या पत्नीला पोटगी मागण्यासाठी पतीच्या देशात जावे लागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नुसार स्वतःसाठी व मुलांसाठी पोटगीचा अर्ज करता येतो आणि कलम १४५ नुसार पत्नी राहते तेथील न्यायालयातही तो दाखल होऊ शकतो. १ जुलै २०२४ पूर्वी हीच तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होती. ती सर्व धर्मीयांना लागू असून विवाहबाह्य संबंधातून जन्मलेल्या मुलालाही तिचे संरक्षण आहे. कुंभकोणम असो वा कोल्हापूर, पद्धत एकच आहे.

वडील समन्स स्वीकारण्याचे हेतुपुरस्सर टाळत असल्याची खात्री झाल्यास न्यायालय एकतर्फी आदेश देऊ शकते. परंतु समन्स रीतसर बजावले गेले होते का, हा प्रश्न परदेशातील न्यायालय पुढे उपस्थित करते. त्यामुळे बजावणीत गेलेला वेळ वाया गेला असे समजू नये. वडिलांचा परदेशातील पत्ता, नोकरी देणाऱ्या कंपनीचे नाव आणि पारपत्राचा तपशील अर्जासोबतच देणे हिताचे ठरते.

एक वर्षाची मुदत

पोटगी थकल्यास न्यायालय प्रत्येक चुकलेल्या महिन्यासाठी वसुलीचे वॉरंट काढू शकते. त्यानंतरही रक्कम न भरल्यास त्या महिन्याच्या थकबाकीपोटी एक महिन्यापर्यंत कारावास होऊ शकतो. मात्र रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करणे आवश्यक असते. वडील कधीतरी परततील या आशेवर थांबणाऱ्या मातांचे नुकसान येथेच होते.

मद्रास उच्च न्यायालयातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१३ मध्ये याबाबत खुलासा केला. ही मुदत केवळ जलद वसुलीच्या पद्धतीपुरती आहे, तिच्यामुळे पोटगीचा मूळ हक्क नष्ट होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. तुरुंगवास भोगल्याने थकबाकी फिटत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच स्पष्ट केले आहे.

नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सुरू झालेल्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र सादर करावे आणि पोटगीच्या आदेशाची अंमलबजावणी दिवाणी न्यायालयाच्या पैशाच्या हुकूमनाम्याप्रमाणेही करता येईल, असे त्यात नमूद आहे.

भारतातील मालमत्ता

वडील परदेशात असले तरी त्यांची शेती, घर किंवा बँकेतील ठेवी अनेकदा भारतातच असतात. न्यायालय मालमत्तेच्या जप्तीचा आदेश देऊ शकते, तसेच जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांना वॉरंट पाठवू शकते. यासाठी जमिनीचे उतारे आणि बँक खात्यांचा तपशील आईने आधीच जमविलेला असावा.

न्यायालयाने समन्स किंवा अटक वॉरंट काढल्याचे निदर्शनास आल्यास पारपत्र कायदा, १९६७ च्या कलम १० अन्वये पारपत्र अधिकारी भारतीय पारपत्र जप्त करू शकतात. पारपत्राविना परदेशातील वास्तव्य व नोकरी टिकवणे अवघड असल्याने हा उपाय परिणामकारक ठरू शकतो. मात्र परदेशी नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीबाबत तो उपयोगी पडत नाही.

देशानुसार मार्ग वेगळा

पोटगी आदेश अंमलबजावणी कायदा, १९२१ हा केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या देशांना लागू होतो. वडील अशा देशात असल्यास भारतीय न्यायालय आदेशाची प्रमाणित प्रत केंद्र सरकारमार्फत तेथे पाठवते.

बालकांच्या निर्वाहखर्चाच्या वसुलीसाठी झालेल्या २००७ च्या हेग करारात अमेरिका, ब्रिटन आणि युरोपीय संघ सहभागी आहेत, भारत मात्र नाही. अमेरिकेशी याबाबत भारताचा द्विपक्षीय करारही नाही. त्यामुळे वडील राहतात त्या अमेरिकी राज्यात आदेशाला मान्यता मिळवावी लागते किंवा नव्याने दावा करावा लागतो. तेथे आदेश झाल्यास पगारातून थेट कपात होऊ शकते आणि थकबाकी २,५०० डॉलरपेक्षा अधिक झाल्यास अमेरिकी पारपत्र नाकारले जाऊ शकते.

संयुक्त अरब अमिरातीशी भारताने १९९९ मध्ये न्यायालयीन सहकार्याचा करार केला आहे. जानेवारी २०२० च्या अधिसूचनेबाबत मात्र गैरसमज होऊ शकतो. ती अमिरातीतील न्यायालयांच्या हुकूमनाम्यांची भारतात अंमलबजावणी करण्यासाठी आहे, भारतातील आदेश तेथे लागू करण्यासाठी नाही.

मदत कोठे मिळते

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ अन्वये महिला व बालकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा १५१०० या राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर संपर्क साधता येतो. राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीय कक्षही तक्रारी स्वीकारतो.

विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मधील २८७ व्या अहवालात अनिवासी भारतीयांच्या विवाहांसाठी सर्वंकष कायद्याची शिफारस केली असून पोटगी, मुलांचा ताबा आणि समन्सची बजावणी हे विषय त्यात असावेत, असे म्हटले आहे. सध्या उपलब्ध असलेल्या मार्गांत मात्र आईजवळची कागदपत्रेच सर्वाधिक उपयोगी पडतात. आदेशाची प्रमाणित प्रत, प्रत्येक चुकलेल्या महिन्याची नोंद आणि मुलांच्या शिक्षण व औषधोपचाराच्या पावत्या जपून ठेवल्यास वडील ज्या दिवशी भारतात परततील किंवा त्यांची येथील मालमत्ता उघडकीस येईल, त्या दिवशी वसुलीची कारवाई विनाविलंब सुरू करता येते.